दुसरी लाइन, दुसरा भाग

नंदुरबार जिल्ह्यात रेल्वेचा दुसरा भाग यायला जवळजवळ एकशे वीस वर्षे लागली. पहिला भाग म्हणजे ताप्ती व्हॅली रेल्वे. सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेर गाठणारी ही एकेरी लाइन किलिक निक्सन कंपनीच्या कारभारात उभी राहिली आणि विसावे शतक उजाडता उजाडता तिच्यावरून गाड्या धावू लागल्या. दुसरा भाग म्हणजे तिच्याच शेजारी टाकलेली दुसरी लाइन: उधना ते जळगाव, सुमारे ३०७ किलोमीटर, काम पुरे २०१८ साली, आणि १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रार्पण. कॉम्प्युटरवर रेल्वेचे खेळ काढणाऱ्यांना एवढा धीर नसतो. ‘रेल्वे एम्पायर’ हा जर्मन खेळ नेमका २०१८ मध्येच बाजारात आला आणि मे २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग हजर झाला. तो आधीच्यांच्या तोडीचा आहे का, यावर जगभरचे खेळाडू वाद घालतात. हा वाद नंदुरबारला बसून घालण्यात एक सोय आहे. ‘आधीचे बरे की नंतरचे बरे’ याचा पुरावा इथे खिडकीतून दिसतो, खडीसकट. माझे मत आधीच सांगून टाकतो: दुसरा भाग खेळ म्हणून सुरेख आहे, पण रेल्वे म्हणून तो जरा जास्तच वेळेवर येतो.

आधीचे म्हणजे कोण, हे सांगायला हवे, कारण हे घराणे मोठे आहे आणि त्यात दत्तक बरेच. मूळ पुरुष १९९० सालचा ‘रेलरोड टायकून’, सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला. हातात थोडे भांडवल, समोर नकाशा आणि पुढ्यात शंभर वर्षे. रूळ टाका, स्टेशने बांधा, इंजिने घ्या, दर दोन वर्षांनी हिशेब द्या आणि शेवटी निवृत्त व्हा. निवृत्तीनंतर तुमच्या कर्तबगारीप्रमाणे खेळ तुम्हाला पद देई. ते राष्ट्राध्यक्षपदही असे आणि भटक्या फकिराचेही. (आपल्याकडे निवृत्त अधिकाऱ्यांना नेमण्याची पद्धत याहून फार वेगळी नाही, फक्त दुसरा पर्याय वगळलेला असतो.) १९९८ मध्ये ‘टायकून दोन’ आला. त्यात शेअरबाजार एवढा रंगला की गाड्या चालवणे हा जोडधंदा झाला. २००३ मध्ये ‘टायकून तीन’ आला आणि डोंगर खरोखर डोंगरासारखे दिसू लागले. २००६ मध्ये सिड मायर स्वतःच ‘रेलरोड्स’ घेऊन परतले. मग बराच काळ लाइन ओसाड, आणि २०१८ पासून ‘रेल्वे एम्पायर’. हा कागदोपत्री टायकूनचा वारस नाही, पण गादीवर बसला आहे. त्यामुळे त्याच्या दुसऱ्या भागाची तुलना केवळ पहिल्या भागाशी करून चालत नाही, थेट मूळ पुरुषाशी करावी लागते.

तुलना करायला माप कोणते घ्यायचे? चित्रे किती देखणी, इंजिने किती, नकाशा किती मोठा, ही मापे दुकानदाराची. माझे माप क्रॉसिंगचे. ज्यांनी दुहेरीकरणाआधी भुसावळ–सुरत पॅसेंजरने प्रवास केला आहे त्यांना हे माप समजावून सांगावे लागणार नाही, पण मुंबईकरांसाठी सांगतो. एकेरी लाइनीवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असते. समोरून दुसरी येत असेल तर दोघींपैकी एकीने स्टेशनातल्या लूपवर जाऊन थांबायचे. कोणी थांबायचे, हे गाडीच्या दर्जावर ठरते, आणि पॅसेंजरहून खालचा दर्जा फक्त मालगाडीला; तिच्यात कोळसा असला तर तोही नाही. रनाळे, चिंचपाडा ही स्टेशने प्रवाशांना तोंडपाठ झाली ती तिथे उतरायचे होते म्हणून नव्हे, तिथे गाडी उभी राहिली म्हणून. एकेरी रेल्वेची सारी बुद्धी या थांबण्यात साठलेली असते. लूप कुठे ठेवायचा, दोन लूपांत अंतर किती, मालगाडी आधी सोडायची की एक्सप्रेस, एक गाडी वीस मिनिटे चुकली की मागच्या सहा गाड्यांचे काय, हा सगळा बुद्धिबळाचा मामला. रूळ नुसते लोखंड असते. रेल्वे त्यांच्या वेळापत्रकात असते आणि वेळापत्रक क्रॉसिंगमध्ये.

१९९० च्या टायकूनला हे ठाऊक होते. त्यात सिग्नल होते, ते लाइनीचे तुकडे पाडत, आणि पुढचा तुकडा रिकामा होईपर्यंत गाडी हलत नसे. घाई असेल तर तुम्ही सिग्नल डावलून गाडी पुढे दामटू शकत होतात. पुढे जे व्हायचे ते होई आणि त्याचा हिशेब तुमच्याच नावावर लागे. दुहेरी लाइन टाकता येई, पण पैसे पडत, आणि सुरुवातीला पैसे नसत. त्यामुळे कोणत्या तुकड्यात आधी दुहेरी करायची, हा प्रश्न खेळाडूला रात्री जागवी. लाकडी पूल स्वस्त पडे आणि पुरात वाहून जाई. दगडी पूल टिके, पण तो बांधेपर्यंत कंपनी टिकेल की नाही याची शाश्वती नसे. चित्रे म्हणाल तर गाडी म्हणजे मुंग्यांची रांग आणि शहर म्हणजे चार ठिपके. पण त्या मुंग्या एकमेकींसाठी थांबत.

पुढच्या भागांनी चित्रे सुधारली आणि थांबणे कमी केले. टायकून तीनमध्ये एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक जराशी थबके आणि दुसरी तिच्या आरपार निघून जाई. डबे शाबूत, प्रवासी शाबूत, इंजिनाचा धूरसुद्धा विस्कटत नसे. योगवासिष्ठात शोभेल असा हा प्रकार रेल्वेच्या खेळात खपून गेला. २००६ च्या ‘रेलरोड्स’मध्ये तर गाड्या एकमेकींत अडकू लागल्या की ती अडचण सोडवण्याचा राजमार्ग म्हणजे अडचण बंद करण्याचे बटण. ‘रेल्वे एम्पायर’च्या पहिल्या भागातही सोपी पद्धत निवडली की गाड्यांना एकमेकींचे अस्तित्वच जाणवेना. अवघड पद्धत मात्र खरोखर अवघड होती. सिग्नल हाताने लावायचे, दिशा हाताने ठरवायच्या, आणि एक सिग्नल उलटा लागला की अख्खे जाळे चक्का जाम. त्या जाळ्याकडे पाहताना भुसावळ यार्डात काम करणाऱ्या कोणाही माणसाला माहेरी आल्यासारखे वाटले असते. दुसऱ्या भागाने ही तक्रार मनावर घेतली. आता सिग्नल आपोआप लागतात, स्टेशनात आठ-आठ लाइनी घेता येतात, चार पदरी पूल एका ओढीत नदीपार जातो. सगळे सुबक आणि सुरळीत. गाड्या निघतात आणि पोचतात. खेळाडूला अधूनमधून नवे इंजिन घेणे आणि नकाशाकडे कौतुकाने पाहणे, एवढेच काम उरते. हे रेल्वेमंत्र्याचे काम झाले, सेक्शन कंट्रोलरचे नव्हे.

इथे जाणकार हरकत घेईल, आणि हरकत रास्त आहे. गाड्या आरपार जाऊ देण्याची सवलत मूळ १९९० च्या खेळातही होती! सुरुवातीलाच विचारले जाई: टकरी हव्यात की नकोत? म्हणजे पाप पूर्वजांनीच केले, नातवंडांना दोष का द्यायचा? खरे आहे, पण त्या सवलतीचे मोल मूळ खेळ वसूल करून घेई. टकरी नकोत म्हटले की खेळ सोपा मानला जाई, अवघडपणाचा आकडा खाली येई आणि शेवटच्या हिशेबात तुमची कर्तबगारी त्या प्रमाणात घटे. सवलत घेणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष होणे दुरापास्त. नियम मोडायची मुभा होती, पण नियम कोणता हे खेळाला पक्के माहीत होते. नव्या घराण्यात अडचण हा नियम राहिलेला नाही, ती तक्रार झाली आहे, आणि तक्रार आली की ती पुढच्या भागात निकाली काढायची असते. पाच-सहा भागांनंतर उरते ती तक्रारमुक्त रेल्वे. अशी रेल्वे जगात कुठे असेल तर तिच्यावर खेळ काढायची गरजच काय?

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे आणि ती नंदुरबारच्याच प्लॅटफॉर्मवरून येते. भाऊ, दुहेरी लाइन झाली, क्रॉसिंग गेले, याचे कोणाला दुःख झाले? एकेरी लाइनीच्या आठवणीने डोळे पुसणारा प्रवासी सुरतेपासून जळगावपर्यंत शोधून सापडणार नाही. मग खऱ्या रेल्वेचा दुसरा भाग क्रॉसिंग काढून टाकल्याबद्दल कौतुकाचा आणि खेळाचा दुसरा भाग त्याच कारणासाठी टीकेचा, हा कुठला न्याय? याला दोन उत्तरे आहेत. एक, खेळाडू हा प्रवासी नसतो. प्रवाशाला अडचण नको असते, कारण त्याला पोचायचे असते. खेळाडूला कुठेही पोचायचे नसते, तो खुर्चीतून उठणारही नसतो. अडचण हेच त्याचे तिकीट. दोन, खऱ्या लाइनीवर क्रॉसिंग गेले ते कोणी बटण दाबले म्हणून नव्हे. त्यासाठी मंजुरी लागली, अर्थसंकल्पामागून अर्थसंकल्पात तरतुदी लागल्या, पूल लागले, भराव लागले, आणि मधल्या काळात कामासाठी ब्लॉक घेतले म्हणून गाड्या आणखी उशिरा धावल्या. अडचण गेली, पण तिची पुरेपूर किंमत मोजून गेली. टायकूनच्या पहिल्या भागात दुहेरी लाइन अशीच मिळे. नव्या भागात ती जवळजवळ पाहुणचारासारखी मिळते. शिवाय खेळ थांबवून ठेवून निवांत बांधकाम करता येते: घड्याळ बंद, काम सुरू. आपल्याकडच्या प्रकल्पांत याच्या बरोबर उलट सोय असते.

मात्र ‘जुने ते सोने’ म्हणून मी दुकान उघडलेले नाही. पुढच्या भागांनी काही खरोखर नवे आणले, त्यात सर्वांत मोलाचे टायकून तीनचे मालाचे गणित. आधीच्या खेळांत माल स्टेशनावर तुमची वाट पाहत बसे, जणू रेल्वेवाचून त्याला दुसरी गती नाही. टायकून तीनमध्ये प्रत्येक जागी प्रत्येक वस्तूचा भाव असे आणि माल जिकडे भाव जास्त तिकडे आपल्या पायांनी, बैलगाडीच्या वेगाने, निघून जाई. तुमची गाडी वेळेत पोचली तर तुमचा नफा, नाहीतर माल गेला. हे पाहून वाटावे, की याचा रचनाकार नंदुरबारच्या बाजार समितीत येऊन गेला. देशातल्या मोठ्या मिरची बाजारांत या गावाचे नाव आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळत पडते आणि सारा परिसर लाल दिसतो. ही मिरची मालगाडीची वाट पाहत नाही. भाव दिसला की ट्रकात बसते. शहाद्याची केळी आणि पपई तर त्याहून उतावीळ, कारण त्यांना कुजायचेही असते. ‘रेलरोड्स’ने हे गणित टाकून दिले आणि ‘रेल्वे एम्पायर’च्या दोन्ही भागांनी ते उचलले नाही. त्यांच्याकडे शहराला अमुक हवे, तमुक हवे, असा शिधापत्रिकेचा हिशेब चालतो: पुरवठा केला की शहर वाढते. मिरचीला स्वतःची अक्कल नाही. दुसरा भाग मागे पडतो तो इथे, आणि मागे म्हणजे वीस वर्षे मागे. ही हरकत आठवणींच्या उमाळ्यातून आलेली नाही. २००३ साली चालू असलेली लाइन २०२३ साली उखडलेली दिसते, एवढेच मी दाखवतो आहे.

एका बाबतीत मात्र हे सगळे भाग, अगदी पहिल्यापासून ताज्यापर्यंत, कमालीचे सत्यनिष्ठ आहेत. नंदुरबार जिल्ह्याचे तालुके सहा. रेल्वे जाते दोन तालुक्यांतून, नंदुरबार आणि नवापूर. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव हे चार तालुके रेल्वेवाचून आहेत. हा अन्याय कसा झाला हे इतिहासाच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. कोणताही रेल्वे-खेळ सुरू करा आणि तासाभरात तुम्ही स्वतः तो कराल. खोऱ्यात सपाटी आहे, कापूस आहे, दोन्ही टोकांना बाजार आहे. उत्तरेला सातपुडा आहे, चढ आहेत, बोगदे लागतील, आणि वर पोचल्यावर न्यायला माल किती? तुमचा हात आपोआप खोऱ्यातून रेघ ओढतो. किलिक निक्सनच्या साहेबांचाही ओढला गेला. तोरणमाळला गाडी न्यायचा विचार त्यांच्या मनात आला नाही आणि तुमच्याही येणार नाही, मग तुम्ही सभेत काहीही बोलत असा. माणसाला भागधारक करून पाहावे, म्हणजे त्याला नकाशा नीट दिसतो. याबाबत दुसरा भाग पूर्वजांच्या तसूभरही मागे नाही. उलट त्याचे डोंगर इतके देखणे आहेत की ते टाळताना वाईट वाटते, आणि ही मोठीच प्रगती म्हटली पाहिजे.

खऱ्या कंपन्यांना मिळाली तेवढी मुभा मात्र कोणत्याही खेळाने दिलेली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, जिची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, सरकारने भांडवलावर पाच टक्के परतावा हमीने दिला होता. नफा होवो न होवो, पाच टक्के ठरलेले. कमी पडले तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून. खेळात अशी सोय ठेवली असती तर खेळाडूंनीच ओरड केली असती, की हा चीट कोड आहे.

नवापूरची तर कोणत्याही खेळाला नक्कल करता येणार नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि सीमारेषा नवापूर स्टेशनाच्या प्लॅटफॉर्मवरून गेली. अर्धे बाकडे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिकीटखिडकी एका राज्यात, तर प्लॅटफॉर्मचे दुसरे टोक दुसऱ्या राज्यात. सूचना चार भाषांत. टायकून दोनमध्ये दुसऱ्याच्या प्रदेशात रूळ टाकायचे तर आधी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. तो नियम नवापूरला लावला तर प्रवाशाला बाकड्यावर सरकून बसण्यासाठी परवाना लागेल. ‘रेल्वे एम्पायर दोन’मध्ये स्टेशन आठ लाइनींचे होते, पण दोन राज्यांचे होत नाही. ही उणीव मी गंभीर मानत नाही. दोन राज्यांचे स्टेशन खऱ्या रेल्वेलाही सुचले नव्हते, ते तिच्यावर येऊन पडले. प्रशासनाच्या बाबतीतही खेळ कमी पडतात. हा सगळा मुलूख पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात मोडतो. सातपुड्याच्या पायथ्याचे स्टेशन मुंबई विभागात! असे डोके कोणत्याही खेळाच्या रचनाकाराला नाही.

शेवटची हरकत अशी, की एवढा थांबण्याचा सोस असेल तर पुढच्या भागांच्या वाटेला जायचेच कशाला? ख्रिस सॉयर यांच्या १९९४ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ची स्वयंसेवकांनी २००४ पासून जोपासलेली आवृत्ती, ‘ओपनटीटीडी’, फुकट मिळते आणि तिच्यातले सिग्नल शिकायला एक पावसाळा पुरत नाही. तिला दुसरा भाग नाही. पहिलाच भाग वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहतो, रेल्वेने करावा तसा. तिचे मराठी भाषांतरही सुरू झाले होते, ते अपुऱ्या भाषांतरांच्या यादीत जाऊन थांबले, बहुधा क्रॉसिंगसाठी. हरकत मान्य. पण त्यामुळे ‘रेल्वे एम्पायर दोन’ टाकाऊ ठरत नाही. त्याची इंजिने पाहण्यासारखी आहेत, चौघांनी मिळून एक कंपनी चालवण्याची सोय आहे (चौघांनी मिळून चालवलेल्या कंपनीचे पुढे काय होते, हे खान्देशात शिकवावे लागत नाही), आणि पहिल्या भागात सिग्नल लावता लावता हातपाय गाळलेल्यांना त्याने परत बोलावले. पहिला भाग ज्याच्याकडे आहे आणि ज्याला तो अवघड पद्धतीने जमतो, त्याला दुसऱ्यात वाढीव नकाशा मिळेल, वाढीव डोकेदुखी मिळणार नाही. ज्याने या घराण्यातले काहीच खेळलेले नाही त्याने इथूनच सुरुवात करावी, मग उलट्या दिशेने २००३ पर्यंत आणि तिथून १९९० पर्यंत जावे.

आणि दुसरा भाग घेतलाच असेल तर एक अट स्वतःला घालून पाहावी. नकाशावरची पहिली लांब लाइन, सुरत–अमळनेर एवढी, एकेरीच ठेवायची. मध्ये चार-पाच लूप, त्यांतले दोन चुकीच्या जागी. पैसे कितीही साठले तरी तिच्या शेजारी दुसरी लाइन टाकायची नाही, आठ लाइनींचे स्टेशन तर नाहीच. मग एका बाजूने एक्सप्रेस सोडा, दुसऱ्या बाजूने कापसाची मालगाडी, आणि मागून एक पॅसेंजर. पॅसेंजर बराच वेळ जागची हलली नाही, तर खेळ बिघडला असे समजून तो बंद करू नये.